इलेक्ट्रिक गिटारचा नट : बदलण्याची प्रक्रिया आणि तारांमधील अंतराचा विचार

बीजसंज्ञा : गिटार, नट, खाच, तारांमधील अंतर, समविभागी स्वरसप्तक, वाद्यदुरुस्ती.

प्रस्तावना :

तंतुवाद्याचा विचार करताना सामान्यतः लाकूड, तारा आणि वादकाचे कौशल्य या तीन घटकांकडे लक्ष वेधले जाते. तार जेथे टेकते त्या दोन टोकांकडे मात्र अभ्यासकांचे पुरेसे लक्ष जात नाही. इलेक्ट्रिक गिटारमध्ये यांपैकी एक टोक म्हणजे घोडी अर्थात ब्रिज, तर दुसरे टोक म्हणजे नट. दांडीच्या वरच्या बाजूस, जेथे पडद्यांची पट्टी संपते आणि खुंट्यांचे डोके सुरू होते, तेथे बसविलेली सुमारे ४२ ते ४३ मिलिमीटर लांबीची आणि ३ ते ६ मिलिमीटर जाडीची ही लहानशी पट्टी होय. तिच्यावर सहा खाचा असतात व त्या खाचांतून सहा तारा खुंट्यांकडे जातात.

ही पट्टी आकाराने लहान असली तरी तिच्याकडे तीन कामे सोपविलेली असतात. मोकळ्या तारेच्या कंपनाचे एक टोक ती निश्चित करते, पडद्यांपासून तारांची उंची ठरविते आणि तारांचे परस्परांतील अंतर कायम राखते. यांपैकी एका कामातही उणीव राहिली तर वाद्य सुरात लावूनही बेसूर वाटते. महाविद्यालयीन सांस्कृतिक विभागात गिटार शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत असा प्रसंग आला की दोष बहुधा त्याच्या कानाला किंवा बोटांना दिला जातो. कित्येकदा विद्यार्थी स्वतःच तो दोष आपल्याकडे घेतो व वाद्य बाजूला ठेवतो. वस्तुतः दोष अर्ध्या मिलिमीटरचा आणि हाडाच्या अथवा प्लॅस्टिकच्या एका तुकड्याचा असू शकतो. या दोषाचे स्वरूप उलगडून दाखविणे, नट बदलण्याची रीत क्रमशः मांडणे आणि तारांमधील 'समान अंतर' या वरवर सोप्या वाटणाऱ्या संकल्पनेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषयाची पार्श्वभूमी :

भारतीय तंतुवाद्यांच्या अभ्यासकाला नट ही कल्पना अपरिचित नाही. सतार व तंबोरा यांच्या दांडीच्या वरच्या टोकाशी हाडाच्या पट्ट्या असतात. अटी, मेरू, तारगहन या नावांनी त्या ओळखल्या जातात. त्यांच्यावरून अथवा त्यांच्या छिद्रांतून तारा खुंट्यांकडे जातात. सतार-तंबोऱ्यांच्या निर्मितीसाठी ख्यातकीर्त असलेल्या मिरजेच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. तेथील कारागीर जवारी काढताना कानसेचा एकेक हलका हात फिरवून कानाने पडताळा घेतात. गिटारच्या नटावर काम करणाऱ्या कारागिरालाही हाच संयम अंगी बाणवावा लागतो.

तथापि दोन्ही वाद्यांच्या उद्दिष्टांत मूलभूत भेद आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग किंचित वक्र असतो. कंप पावणारी तार त्या पृष्ठभागाला पुनःपुन्हा स्पर्श करते आणि त्यातून समृद्ध असा झंकार निर्माण होतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात वीणा व तंबोरा यांच्या या वैशिष्ट्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. गिटारच्या नटावर मात्र हाच झंकार दोष मानला जातो. तेथे तार एका स्पष्ट कडेवर टेकून तेथेच संपली पाहिजे. जी गोष्ट एका वाद्यात गुण ठरते तीच दुसऱ्यात अवगुण ठरते, याचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल.

हिंदुस्थानी संगीतात गिटार रूढ करणारे पं. ब्रिजभूषण काब्रा यांचा उल्लेखही येथे अप्रस्तुत ठरणार नाही. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेतून त्यांचे वादन घराघरांत पोहोचले. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा दांडा सरकवीत वाजविल्या जाणाऱ्या या प्रकारात तारा पडद्यांना टेकवावयाच्या नसतात. म्हणून त्यासाठी नट मुद्दाम उंच ठेवला जातो. बोटांनी पडद्यावर तार दाबून वाजविण्याच्या गिटारला हीच उंची बाधक ठरते. तात्पर्य, नटाचे माप वादनपद्धतीवरून ठरते. सर्वांना लागू पडेल असे एकच माप अस्तित्वात नाही.

नटाची उंची आणि सुरांची शुद्धता :

गिटारचे पडदे समविभागी स्वरसप्तकानुसार बसविलेले असतात. एका सप्तकाचे बारा समान भाग केले जातात व प्रत्येक पडद्यागणिक तारेची कंप पावणारी लांबी २ च्या बाराव्या मुळाने भागली जाते. व्यवहारात यासाठी १७.८१७ हा भाजक वापरतात. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या १९५४ पासूनच्या सुप्रसिद्ध गिटारची तारेची लांबी २५.५ इंच म्हणजे ६४७.७ मिलिमीटर असते. तिला १७.८१७ ने भागले असता नटापासून पहिल्या पडद्याचे अंतर ३६.३५ मिलिमीटर येते. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई यांनी १५८१ मध्ये याच कामासाठी १८ : १७ हे गुणोत्तर सुचविले होते. त्यानुसार हे अंतर ३५.९८ मिलिमीटर येते. दोहोंतील फरक ०.३७ मिलिमीटर एवढाच आहे.

हा सर्व हिशेब तार दाबल्याने तिचा ताण बदलत नाही असे गृहीत धरून केलेला असतो. प्रत्यक्षात तार दाबली की ती किंचित लांबते, ताण वाढतो आणि स्वर चढतो. पहिल्या पडद्यावर हा परिणाम सर्वाधिक जाणवतो, कारण तेथे नट अगदी जवळ असतो. पडद्यांच्या पातळीपासून नटावरील तार १ मिलिमीटर उंच आहे असे मानू. ३६.३५ मिलिमीटर अंतरात ती तेवढी खाली आणावयाची झाल्यास पायथागोरसच्या सिद्धांतानुसार तारेची लांबी सुमारे ०.०१४ मिलिमीटरने वाढते. ही वाढ नगण्य वाटते. परंतु पोलादाची तार फारशी ताणली जात नसल्यामुळे एवढ्याशा वाढीनेही तिचा ताण लक्षणीय बदलतो.

०.०१७ इंच जाडीची तिसरी तार तिच्या नियोजित स्वरात लावली असता तिच्यावर सुमारे ७४ न्यूटन ताण असतो. वरील वाढीमुळे त्यात सुमारे ०.६ न्यूटनची भर पडते आणि स्वर ७ सेंटने चढतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग केल्यास त्यांतील एक भाग म्हणजे एक सेंट होय. ०.०१० इंच जाडीच्या पहिल्या तारेवर ताण जवळपास तेवढाच असतो. तिचा छेद मात्र बराच लहान असल्याने तिचा स्वर अडीच सेंटच्या आसपासच चढतो. म्हणजे एकच बोट, एकच पडदा आणि एकच नट असूनही दोन तारा वेगवेगळ्या प्रमाणात बेसूर होतात. 'मोकळ्या तारा जुळतात, पण कॉर्ड धरली की तिसरी तार बोचते' ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार अशी पूर्णतः वस्तुनिष्ठ असू शकते.

येथे आणखी एक बाब ध्यानात घेणे अगत्याचे आहे. तारेची ही वाढ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उंची निम्मी केली की दोष चतुर्थांश होतो, म्हणजे ७ सेंटचा दोष २ सेंटहूनही कमी होतो. याउलट नट त्याच्या जागेवरून अर्धा मिलिमीटर मागे सरकला तर पडद्यांवरील स्वरांत पडणारा फरक सव्वा सेंटच्या आसपासच असतो. म्हणून नट मागेपुढे बसण्यातील अल्प त्रुटीपेक्षा खाचांची खोली हा अधिक निर्णायक घटक ठरतो.

'समान अंतर' म्हणजे नेमके काय?

तारांच्या अंतराचा प्रश्न वरवर अगदी सोपा वाटतो. पहिली व सहावी तार निश्चित करावी, मधल्या जागेचे पाच समान भाग पाडावेत आणि खाचा कोराव्यात, असेच कोणीही सुचवील. परंतु समान काय ठेवावयाचे, तारांच्या मध्यबिंदूंमधील अंतर की तारांच्या कडांमधील मोकळी जागा, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. सर्व तारा सारख्याच जाडीच्या असत्या तर दोन्हींचे उत्तर एकच आले असते. गिटारमध्ये तसे नसते. प्रचलित संचात पहिली तार ०.०१० इंचाची तर सहावी ०.०४६ इंचाची, म्हणजे साडेचार पटींहून अधिक जाड असते.

स्पष्टीकरणासाठी एक उदाहरण घेऊ. नटाची लांबी ४२ मिलिमीटर आहे. दोन्ही टोकांस नटाच्या कडेपासून तारेच्या बाहेरील कडेपर्यंत ३ मिलिमीटर जागा सोडली आहे. तारांची जाडी अनुक्रमे ०.०१०, ०.०१३, ०.०१७, ०.०२६, ०.०३६ व ०.०४६ इंच आहे. या सहा जाड्यांची बेरीज ३.७६ मिलिमीटर होते. बाहेरील दोन कडांमधील ३६ मिलिमीटरमधून ती वजा केली असता ३२.२४ मिलिमीटर मोकळी जागा उरते.

पहिली पद्धत समान मध्यांतराची. बाहेरील दोन तारांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ३५.२९ मिलिमीटर असून त्याचे पाच भाग केल्यास प्रत्येक भाग ७.०६ मिलिमीटरचा येतो. या पद्धतीत सहाव्या व पाचव्या तारेमधील मोकळी जागा ६.०२ मिलिमीटर राहते, तर दुसऱ्या व पहिल्या तारेमधील मोकळी जागा ६.७७ मिलिमीटर होते. मोजपट्टीच्या दृष्टीने सर्व अंतरे समान असली तरी बोटाला खर्जाच्या तारा एकमेकींना खेटलेल्या भासतात. हा फरक सुमारे पाऊण मिलिमीटरचा आहे.

दुसरी पद्धत समान मोकळ्या जागेची. ३२.२४ चे पाच भाग केल्यास प्रत्येक दोन तारांमधील मोकळी जागा ६.४५ मिलिमीटर येते. त्यामुळे मध्यबिंदूंमधील अंतरे मात्र असमान होतात. सहावी ते पाचवी ७.४९, पाचवी ते चौथी ७.२४, चौथी ते तिसरी ६.९९, तिसरी ते दुसरी ६.८३ आणि दुसरी ते पहिली ६.७४ मिलिमीटर अशी ती उतरत्या क्रमाने येतात.

नटाच्या खर्जाकडील टोकापासून प्रत्येक तारेच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर दोन्ही पद्धतींनी पुढीलप्रमाणे येते. सर्व मापे मिलिमीटरमध्ये आहेत.

सहावी तार : समान मध्यांतर ३.५८, समान मोकळी जागा ३.५८
पाचवी तार : समान मध्यांतर १०.६४, समान मोकळी जागा ११.०७
चौथी तार : समान मध्यांतर १७.७०, समान मोकळी जागा १८.३१
तिसरी तार : समान मध्यांतर २४.७६, समान मोकळी जागा २५.३०
दुसरी तार : समान मध्यांतर ३१.८२, समान मोकळी जागा ३२.१३
पहिली तार : समान मध्यांतर ३८.८७, समान मोकळी जागा ३८.८७

चौथ्या तारेच्या जागेत दोन पद्धतींमुळे ०.६ मिलिमीटरचा फरक पडतो. वादकाच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नाही. 'सी मेजर' ही आरंभीच शिकविली जाणारी कॉर्ड धरताना तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्याशी टेकवावयाची असते आणि शेजारची पहिली तार मोकळी वाजू द्यावयाची असते. मोकळी जागा अपुरी असल्यास बोटाचा मांसल भाग शेजारच्या तारेला स्पर्श करतो व तिचा नाद दबतो. बोट दोन तारांच्या मध्यबिंदूंमधील अंतर अनुभवत नाही, ते केवळ त्यांच्यामधील मोकळी जागा अनुभवते. म्हणून नटावर दुसरी पद्धत अधिक स्वीकारार्ह ठरते. घोडीकडे परिस्थिती वेगळी असते. तेथे तारांच्या मध्यबिंदूंमधील अंतर अनेक आधुनिक गिटारींत साडेदहा मिलिमीटरच्या आसपास असल्याने पाऊण मिलिमीटरचा फरक तुलनेने कमी जाणवतो आणि समान मध्यांतर चालून जाते.

टोकाच्या जागेबाबतही तारतम्य बाळगावे लागते. बाहेरील तार कडेच्या फार जवळ गेली तर स्वर खेचताना ती पडद्यावरून खाली घसरते. ती फार आत घेतली तर सर्वच तारा दाटीने बसतात. पडद्यांची टोके किती उतरती घासलेली आहेत हे पाहून ही जागा निश्चित करावी. ३ मिलिमीटर हे माप उदाहरणादाखल घेतले असून ते अंतिम मानू नये.

नट बदलण्याची प्रक्रिया :

१) जुना नट काढणे : प्रथम तारा क्रमाक्रमाने सैल करून काढाव्यात. नट व लाकूड यांच्या सांध्यावर बहुधा लॅकरचा थर चढलेला असतो. तो धारदार पात्याने सर्व बाजूंनी कापून घ्यावा. हे न केल्यास नटाबरोबर लॅकरचे, प्रसंगी लाकडाचेही टवके निघतात. गिब्सन पद्धतीच्या गिटारमध्ये नट पट्टीच्या शेवटाला टेकून बसविलेला असतो. तेथे लाकडी ठोकळा नटाला लावून पट्टीच्या बाजूने खुंट्यांच्या दिशेने हलकी थाप दिली की तो सुटतो. फेंडर पद्धतीत तो आडव्या खोबणीत बसविलेला असल्याने तशी थाप दिल्यास खोबणीची कड तुटण्याचा धोका असतो. तेथे नट बाजूने हळूहळू सरकवावा. तो दाद देत नसल्यास बारीक करवतीने त्याच्या लांबीच्या दिशेने मधोमध छेद घेऊन दोन्ही भाग आत दुमडून काढावेत. जुना नट फेकून देऊ नये. तो पुढील मापांचा साक्षीदार असतो.

२) द्रव्याची निवड : हाड, प्लॅस्टिक, पितळ, ग्रॅफाइटयुक्त संयुगे आणि कृत्रिम हस्तिदंतासारखी द्रव्ये नटासाठी वापरली जातात. पूर्वी हस्तिदंताचाही उपयोग होत असे. आंतरराष्ट्रीय निर्बंध व भारतातील १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्या यांमुळे तो मार्ग उचितपणे बंद झाला आहे. पोकळ, स्वस्त प्लॅस्टिकच्या नटापेक्षा भरीव हाडाची पट्टी अधिक टिकाऊ असते आणि कानसेने तिच्यात स्वच्छ खाच पाडता येते. हाड घासताना उडणारी भुकटी श्वासावाटे शरीरात जाऊ नये म्हणून नाकातोंडावर मुखपट्टी बांधणे आवश्यक आहे.

३) पट्टी बसवून पाहणे : खोबणीतील जुना डिंक खरवडून काढावा. मात्र लाकूड खरवडले जाता कामा नये. सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर नव्या पट्टीचा तळ व बाजू घासाव्यात. पट्टी बोटाच्या दाबाने बसावी आणि बोटांनीच निघावी, इतपत ती घट्ट असावी. ठोकून बसवावी लागल्यास खोबणी फाटते. ती सैल राहिल्यास तारेचे कंपन दांडीपर्यंत नीट पोहोचत नाही. फेंडरच्या काही नमुन्यांत खोबणीचा तळ वक्र असतो, तेव्हा पट्टीचा तळही तसाच घडवावा लागतो.

४) उंचीची रेषा : एक साधी पेन्सिल उभी चिरून तिचे दोन भाग करावेत. त्यांतील एका भागाची सपाट बाजू पहिल्या दोन-तीन पडद्यांवर टेकवून तिचे टोक नटावरून फिरवावे. पडद्यांच्या माथ्याच्या पातळीची रेषा नटावर उमटते. कोणत्याही खाचेचा तळ या रेषेखाली जाता कामा नये.

५) तारांच्या जागा आखणे : वर दिलेल्या पद्धतीने काढलेली मापे व्हर्निअर कॅलिपरने नटावर उतरवावीत. येथे एक दक्षता महत्त्वाची आहे. प्रत्येक माप नटाच्या एकाच टोकापासून घ्यावे. एका तारेपासून पुढची तार अशी साखळी केल्यास दर वेळी होणारी ०.१ मिलिमीटरची चूक साचत जाऊन शेवटच्या तारेपर्यंत अर्ध्या मिलिमीटरवर पोहोचू शकते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना शिकविला जाणारा संचित त्रुटीचा धडा येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो.

६) प्राथमिक खाचा : आधी सर्व खाचा केवळ तार स्थिर राहील इतक्या उथळ कराव्यात. तारा चढवून त्या अल्प ताणावर आणाव्यात आणि दांडीकडे सरळ वरून पाहावे. बाहेरील तारा कडांशी सुसंगत रेषेत धावतात का आणि मधल्या जागा डोळ्याला सारख्या वाटतात का, हे तपासावे. या टप्प्यावर खाच किंचित डावी-उजवीकडे नेता येते. खाच खोल झाल्यावर ती मुभा राहत नाही. म्हणून अंतराचा निर्णय खोलीच्या आधी घ्यावयाचा असतो.

७) खाचांना अंतिम रूप : प्रत्येक खाचेसाठी त्या तारेच्या जाडीची कानस वापरावी. खाच तारेपेक्षा अत्यल्प रुंद असावी. ती अरुंद असल्यास तार अडकते आणि खुंटी पिळताना टक्‌ असा आवाज होऊन स्वर एकदम उडी घेतो. ती फार रुंद असल्यास तार बाजूला हलते व खणखणते. खाचेचा तळ खुंटीच्या दिशेने उतरता ठेवावा, म्हणजे तार पडद्यांकडील कडेवरच टेकेल. उतार उलट झाल्यास तारेचा टेकण्याचा बिंदू मागे सरकतो, स्वर बिघडतो आणि सतारीसारखा झंकार निघू लागतो.

८) खोलीची कसोटी : तार मूळ स्वरात लावून ती तिसऱ्या पडद्याशी दाबावी आणि पहिल्या पडद्यावर किती फट उरते ते पाहावे. ती केसभर, पण स्पष्ट दिसणारी असावी. फट मुळीच नसेल तर मोकळी तार पडद्यावर आपटते. ती मोठी असेल तर खाच अजून उंच आहे असे समजावे. कानसेचे दोन-तीन हात, पुन्हा तार लावणे, पुन्हा तपासणे हा क्रम सहाही तारांसाठी धीराने करावा. घाई करणाऱ्याची येथेच फसगत होते. घासलेले हाड परत येत नाही. खाच अधिक खोल गेल्यास हाडाची भुकटी व झटपट चिकटणारा डिंक यांनी ती भरता येते, पण तो तात्पुरता उपाय होय. खरा उपाय म्हणजे नवी पट्टी घेऊन पुनश्च आरंभ करणे.

९) पूर्णत्व : काम पूर्ण झाल्यावर नटाचा वरचा भाग घासून कमी करावा. जाड तारा निम्म्याच्या आसपास खाचेत बुडालेल्या व वर उघड्या, तर बारीक तारा जवळपास माथ्याच्या समपातळीत असाव्यात. कडा गुळगुळीत कराव्यात. शेवटी डिंकाचे एक-दोन थेंबच वापरून पट्टी चिकटवावी. नट कधीतरी पुन्हा बदलावा लागणार आहे, याचे भान ठेवूनच डिंक लावावा. खाचेत पेन्सिलीच्या शिशाची किंचित पूड घातल्यास तार सहज सरकते.

विशेष परिस्थिती :

तारांचा संच बदलला की नटाचाही पुनर्विचार करावा लागतो. ०.०१० च्या संचासाठी कोरलेल्या खाचांत ०.०११ चा संच अडकतो, तर ०.००९ चा संच सैल बसतो. डावखुऱ्या वादकाचा प्रश्न याहून मोठा आहे. जिमी हेंड्रिक्स हा डावखुरा वादक उजव्या हाताच्या वादकासाठी बनविलेली स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून, तारांचा क्रम बदलून वाजवीत असे. अशा वेळी जाड तारेच्या खाचेत बारीक तार येते. तारांमधील असमान मध्यांतरेही उलट होतात. म्हणून केवळ तारा उलटविणे पुरेसे नसते, नटही नव्याने कोरावा लागतो. डावखुऱ्या विद्यार्थ्याला 'उजव्या हाताने वाजवायला शीक' असे सांगणाऱ्या शिक्षकाने हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे.

निष्कर्ष व सूचना :

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, गिटारवरील बेसूरपणाचे कारण प्रत्येक वेळी वादक नसतो. नटाची उंची वाजवीपेक्षा अधिक असल्यास तो अटळ ठरतो आणि तो तारेगणिक भिन्न असतो. दुसरा, तारांमधील अंतर आखताना मोजपट्टीची समानता व बोटाची समानता यांत भेद करणे आवश्यक असून नटावर मोकळी जागा समान ठेवणे अधिक युक्त होय. तिसरा, या कामात क्रमाला महत्त्व आहे. आधी जागा, मग खोली आणि सर्वांत शेवटी डिंक हा क्रम मोडल्यास चूक सुधारण्याची संधी उरत नाही.

लहान गावांतील महाविद्यालयांना गिटार दुरुस्त करणारा कारागीर सहजी उपलब्ध होईलच असे नाही. परंतु व्हर्निअर कॅलिपर, स्क्रू गेज आणि फीलर गेज ही साधने बहुतेक विज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत वा कार्यशाळेत असतात. सांस्कृतिक विभागाच्या कपाटात पडून असलेले एखादे गिटार आणि भौतिकशास्त्र विभागाची ही साधने एकत्र आणल्यास तारेचा ताण, स्थितिस्थापकता, संचित त्रुटी व समविभागी स्वरसप्तक हे चार धडे एकाच मेजावर शिकविता येतील. एखाद्या विद्यार्थ्याला वाद्य सोडून देण्यास सांगण्यापूर्वी त्याच्या गिटारची तिसरी तार पहिल्या पडद्याशी एकदा दाबून पाहावी. ही तपासणी एका मिनिटात होते आणि तिच्यावर त्या विद्यार्थ्याचे पुढील शिक्षण अवलंबून असू शकते.